फळीवर राहिलेली डबी

होळीच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, धरणगाव तालुक्यातल्या कापसाच्या एका जिनिंगमध्ये आग लागली आणि सुकलाल नावाचा कामगार तिच्यात मेला. याला आता पंचवीसेक वर्षं होतील. आग बिडीमुळे लागली, असं दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात छापून आलं. ती बातमी मी लिहिली होती. ती खोटी होती, आणि लिहिताना मला ते माहीत होतं.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर आयुष्यभर एका टेबलावर चहा प्यायलो त्या सहकाऱ्यांनाही नाही. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्या ओळीत सांगावी, अशी आमच्या धंद्याची शिस्त. मी ती पाळली, असं वरकरणी वाटेल. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट अजून आलेली नाही — तिच्यापर्यंत जायला मला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ मी आप्पांबद्दल बोलतो. आप्पांबद्दल बोलणं सोपं आहे. खान्देशातल्या बातमीदारांनी आयुष्यभर तेच तर केलं.

जिनिंग आप्पांचं होतं. आप्पांचं पूर्ण नाव मी लिहीत नाही. ज्यांना ते माहीत आहे त्यांना लागणार नाही, आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी आपल्या तालुक्यातलं नाव घातलं तरी चालेल.

आप्पांची सुरुवात जामनेरच्या बाजारात मापाडी म्हणून झाली. माल काट्यावर चढला की वजन पुकारायचं, एवढंच काम. शेतकऱ्याचं लक्ष काट्यावर असायचं, आप्पांचं शेतकऱ्यावर. कोणाला आज पैसे हवेतच, कोण माल परत नेऊ शकत नाही, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. पुढे ते कापसाची दलाली करू लागले. मग बंद पडलेलं एक जिनिंग भाड्याने घेतलं, ते चाललं, ते विकत घेतलं. मग तेलघाणी, मग पेट्रोल पंप, रावेरला केळी भरण्याचं शेड, धुळ्याजवळ वळणरस्ता जाहीर होण्याच्या आधी त्याच्या कडेची जमीन. रस्ता तिथूनच जाणार हे त्यांना कसं कळलं, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "साहेब, रस्त्यालाही माणसं लागतात ना?" मी हसलो. ते छापलं नाही.

ते कधी ओरडले नाहीत. कोणाला हात लावला नाही. भेटेल त्याला "जेवला का?" विचारायचे आणि उत्तर यायच्या आत पुढच्याला विचारायचे. माणसाचं नाव विसरले तरी त्याच्या बापाचं नाव लक्षात ठेवायचे, आणि खान्देशात तेवढं पुरतं. पक्ष त्यांनी बदलले. प्रत्येक वेळी आम्ही 'कार्यकर्त्यांच्या आग्रहास्तव' असं लिहिलं. विधानसभेला पडले, पुन्हा उभे राहिले, निवडून आले. त्यांची एक खोड मात्र कुठल्याच बातमीत आली नाही. त्यांना जे म्हणायचं असे ते स्वतः कधी म्हणत नसत. समोरच्याकडून वदवून घेत.

माझ्याकडूनही घेतलं. आता त्या दुपारकडे जायला हवं.

जिनिंगमध्ये कापसाची रुई आणि सरकी वेगळी करतात. आत सगळीकडे रुईचा कीस उडत असतो, भिंतीवर, पापण्यांवर बसतो. एक ठिणगी पुरते. म्हणून प्रत्येक जिनिंगच्या दरवाजाजवळ एक फळी असते. आत जाताना कामगाराने आपली बिडी-काडी त्या फळीवर ठेवायची, सुटी झाली की उचलायची. ज्याची त्याला ओळखू येते. कोणाचं बंडल चिंधीत बांधलेलं, कोणाचं प्लास्टिकच्या पिशवीत. हा नियम कोणी कागदावर लिहिलेला नव्हता, पण तो मालकाच्या हुकुमापेक्षा कडक पाळला जायचा, कारण जळणार कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी पोचलो तेव्हा ज्वाळा विझल्या होत्या. कापसाची आग विझली असं दिसतं, पण ती आत धुमसत असते. बंबवाले गंज्या उपसून पाणी मारत होते. सुकलालला बाहेर काढून पोत्याने झाकलं होतं. तो मागच्या बाजूला रेच्याजवळ होता. रेचा म्हणजे रुई सोडवणारं यंत्र. मागच्या दाराला रुईच्या दाबलेल्या गाठी रचून ठेवल्या होत्या, त्यामुळे ते उघडलं नाही. सरकी झाडणाऱ्या दोन बायका बाहेर उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या की रेच्याचं बेअरिंग सकाळपासून तापत होतं, वास येत होता, सुकलालने मुकादमाला दोनदा सांगितलं होतं. मुकादम आप्पांना विचारून आला. होळीच्या आधी माल संपवायचा होता. रेचा चालूच राहिला.

हे सगळं मी वहीत टिपून घेतलं. माझं अक्षर तेव्हा चांगलं होतं.

मग मी दरवाजाशी आलो. कामगार येत होते आणि फळीवरून आपापली बिडी उचलून नेत होते. बघता बघता फळी रिकामी झाली. एक वस्तू राहिली — पत्र्याची चपटी डबी, झाकणावर मोर, मोराचा निळा रंग बराचसा उडालेला. दरवाजावरच्या राखणदाराला सगळे नाना म्हणत. नानांनी ती डबी उचलली, उघडून मला दाखवली. आत बिड्यांचं जवळजवळ भरलेलं बंडल आणि काडेपेटी. ही कोणाची, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज होती का?

नाना म्हणाले, "भाऊ, हाई तुमनाजोडे ऱ्हाऊ द्या. आठे टिकाव नही."

तुमच्याजवळ राहू द्या, इथे टिकणार नाही. नानांनी चारही बाजूंना पाहून घेतलं होतं — पोलीस, मुकादम, आप्पांची गाडी — आणि त्या सगळ्यांत त्यांना वहीवाला माणूस भरवशाचा वाटला. मी डबी शर्टाच्या खिशात ठेवली.

तेवढ्यात आप्पांनी मला ऑफिसात बोलावलं. त्यांचे डोळे लाल होते. ते धुराने झाले होते की रडून, हे मला माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. त्यांनी मला त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं, तिथे बसलेल्या फौजदाराच्या आधी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेले. मी तर अडाणी माणूस. तुम्हाला काय वाटतं — बिडी असेल का हो?"

तोपर्यंत मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं. मी तालुक्याचा बातमीदार होतो. पेपरच्या गठ्ठ्यांबरोबर एस.टी.च्या मागच्या सीटवर बसून फिरायचो. पण ही माहिती आहे, कारण नाही. कारण म्हणून वाचू नका.

सुकलालची डबी माझ्या खिशात होती. श्वास घेतला की छातीला तिचा काठ लागत होता. मी म्हणालो, "शक्यता नाकारता येत नाही."

आप्पा फौजदाराकडे वळून म्हणाले, "बघा, पेपरवाले साहेब काय म्हणताहेत."

त्यांनी मला पैसे दिले नाहीत. धमकी दिली नाही. खोटं लिहा असं तर मुळीच म्हणाले नाहीत. त्यांनी एक प्रश्न विचारला आणि उत्तर माझ्या तोंडून घेतलं. लोक म्हणतात आप्पांनी पत्रकार विकत घेतले. माझ्याबाबतीत ते खरं नाही — मला विकत घ्यावंच लागलं नाही.

संध्याकाळी जळगावच्या ऑफिसात बसून मी बातमी लिहिली. 'बिडीच्या ठिणगीमुळे आग लागल्याची शक्यता नाकारता येत नाही.' रेचा नव्हता, बेअरिंग नव्हतं, मागच्या दाराच्या गाठी नव्हत्या. मथळा देणाऱ्याला जागा कमी पडली, त्याने शक्यता काढून टाकली. सकाळी मोठ्या टाइपात आलं : बिडीने घेतला बळी.

पंचनामा त्यानंतर पूर्ण झाला. मी चौकीत गेलो तेव्हा हवालदार लिहीतच होता. आगीचं कारण काय लिहिलं, मी विचारलं. तो हसला. "तुमच्याच पेपरात आलंय ना साहेब, बिडी? आता आम्ही आणखी काय शोधायचं?" त्याच्या पुढच्या आठवड्यात मी पाठपुराव्याची बातमी दिली. तिच्यात लिहिलं : 'पोलिसांच्या नोंदीनुसार आगीचं कारण बिडी.' माझा शब्द चौकीत जाऊन शिक्का घेऊन माझ्याकडे परत आला होता. आता तो माझा राहिला नव्हता. तुम्हाला वाटेल मी घाबरलो असेन. नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

जिनिंग उरलेल्या हंगामात बंद राहिलं. तिथल्या कामगारांचं काम गेलं. त्यांनी ते कोणाच्या खात्यावर टाकलं असेल? नियम त्यांना माहीत होता, फळी माहीत होती. पण एखादी बिडी कानामागे लपवून आत नेणारा एखादा असतोच, हेही माहीत होतं. आणि पेपरात आलं होतं. सुकलालचा सख्खा भाऊ त्याच जिनिंगमध्ये गाठी बांधायला होता. त्याने वहिनीशी बोलणं सोडलं. दोन्ही घरांची भिंत एकच होती.

आप्पांनी मोठं मन केलं — हे शब्द माझे आहेत, मीच ते छापले. सुकलालच्या बायकोला, लीलाबाईंना, त्यांनी आपल्या शाळेत झाडझूड करायच्या कामावर घेतलं. 'चूक कामगाराची, तरी कुटुंबाला आधार.' नानांना मात्र कामावरून काढलं. ते चोपड्याकडे मुलीकडे गेले, असं मी ऐकलं. मी चौकशी केली नाही.

पुढे आप्पांचा वाढदिवस मोठा होत गेला. वाढदिवसाला पेपरची पुरवणी निघते, हे तुम्हाला माहीत असेल. पानभर जाहिराती, मध्ये फोटो, फोटोखाली जीवनप्रवास. तो जीवनप्रवास पहिल्या वर्षी मी लिहिला. त्यात एक परिच्छेद होता : एका कामगाराच्या निष्काळजीपणामुळे आप्पांचं सर्वस्व राखेत गेलं, पण ते खचले नाहीत, त्याच राखेतून उभे राहिले. लोकांना तो आवडला. प्रचाराच्या सभांत वक्ते तो पाठ म्हणू लागले. विधानसभेला पडल्यावर आप्पांनी स्वतःच सांगितलं की मी राखेतून उठलेला माणूस आहे. नंतरच्या वर्षांत कोणी नवीन लिहिण्याचे कष्ट घेतले नाहीत. जुना मजकूर काढायचा, पदं वाढवायची, छापायचं. शाळेत पुरवणीचे गठ्ठे यायचे. ते वाटून झाल्यावर खाली पडलेले कागद लीलाबाई गोळा करत असणार. हे मी पाहिलेलं नाही. अंदाज आहे.

एक गोष्ट पाहिलेली आहे. बऱ्याच वर्षांनी केळीच्या भावाची बातमी करायला मी रावेरला गेलो होतो. शेडबाहेर ट्रक लागलेले, खाली वाळल्या पानांचा थर. एका ड्रायव्हरने बिडी काढली. घड चढवणारा हमाल वरून ओरडला, "ए, सुकलाल होशीन ना रे!" सगळे हसले. ड्रायव्हरही हसला आणि रस्त्याच्या पलीकडे गेला. मी हमालाला विचारलं, सुकलाल कोण? तो म्हणाला, "कोन जाने. म्हन्याची पद्धत आहे."

आता टाळता येत नाही.

आगीनंतर काही महिन्यांनी मला जळगावच्या ऑफिसात घेतलं. टेबल मिळालं, टेबलाला खण होता. एका दुपारी लीलाबाई आल्या. डोक्यावर पदर, पायांत धूळ. एस.टी. स्टँडपासून चालत आल्या असाव्यात. ऑफिसात वर्दळ होती. त्या माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, त्यासनी डबी तुमनाजोडे शे ना? नानानी सांगं."

त्यांना डबी कोर्टात न्यायची नव्हती. भरपाईचा विषयही त्यांनी काढला नाही. दिराला दाखवायची होती. मोराची डबी सुकलालची, हे घरातलं प्रत्येक माणूस ओळखत होतं. ती फळीवर राहिली होती, एवढं पेपरवाल्याने येऊन दिराला सांगितलं असतं, तर भिंतीपलीकडून बोलणं पुन्हा सुरू झालं असतं. एवढंच मागायला त्या आल्या होत्या.

मी म्हणालो, "कसली डबी, बाई?"

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागाने नाही. ऐकू नीट आलं नसेल, असं वाटून. मग म्हणाल्या, "मंग नाना खोटं बोलना का?"

मी म्हणालो, "नानांचं वय झालंय."

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान वर केली, पुन्हा खाली घातली. लीलाबाईंनी पदर नीट केला आणि त्या गेल्या.

डबी माझ्या टेबलाच्या खणात होती. तिच्यात टाचण्या होत्या. बिड्या मी ओढल्या होत्या — पहिली, ती बातमी लिहिताना. माझ्या संपल्या होत्या. सुकलालच्या काडेपेटीने सुकलालची बिडी पेटवली आणि 'बिडीच्या ठिणगीमुळे' हे शब्द लिहिले. बाकीच्या पुढच्या दिवसांत संपल्या. रिकामी डबी चांगली होती, झाकण घट्ट बसायचं, म्हणून टाचण्यांना घेतली. लीलाबाई समोर उभ्या होत्या तेव्हा माझा गुडघा त्या खणाला लागलेला होता.

त्या जिना उतरल्यावर मी टाचण्या टेबलावर ओतल्या आणि डबी रद्दीच्या टोपलीत टाकली. एका मेलेल्या माणसाला मी खोटं ठरवलं होतं, तोपर्यंत. त्या दुपारी एका जिवंत म्हाताऱ्यालाही ठरवलं. आणि टोपली शिपायाने रिकामी करेपर्यंत मला वेळ होता. संध्याकाळपर्यंत वेळ होता.

नंतर माझी धुळ्याला बदली झाली. तिथेच बढती, तिथेच निवृत्ती. मी तिथल्याच देवपुरात राहतो. आप्पांच्या कॉलेजच्या कार्यक्रमात माझा दोनदा सत्कार झाला. दोन्ही वेळा नारळ आप्पांच्या हातून घेतला. आप्पा आता थकले आहेत, पण "जेवला का?" विचारतात. सुकलालचं नाव त्यांनी माझ्यासमोर पुन्हा कधी काढलं नाही. त्यांना त्या डबीचं माहीत होतं का? मला वाटत नाही. आप्पांनी फक्त एक प्रश्न विचारला होता. बाकी सगळं माझं आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी लीलाबाईंच्या घरी गेलो. शाळेतून त्या निवृत्त झाल्या आहेत. ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मला ओळखलं. निवडणुकीचे दिवस होते. म्हणाल्या, "आप्पानी धाडं का तुमले?"

मी नाही म्हणालो.

"मंग कसाले उनात?" मग कशाला आलात?

भिंतीपलीकडे कोणीतरी खोकत होतं. तो दीर असावा. त्यांनी आवाज खाली केला नाही, त्या दिशेला पाहिलंही नाही. मी म्हणालो, इकडून चाललो होतो, तब्येत कशी आहे बघावं म्हटलं. त्या म्हणाल्या, "पेपरवाला आजून तब्येतबी ईचारतस का?" आणि हसल्या. आत जाऊन चहा ठेवला. मी चहा प्यालो. त्यांनी शेंगा हातावर ठेवल्या, त्या खाल्ल्या. निघालो. सांगितलं नाही. का, ते लिहीत नाही. लिहिलं तर ते कारण होईल.

त्यानंतर मी जुन्या ऑफिसात गेलो. पुरवणीचं काम आता ज्याच्याकडे आहे तो संपादक माझ्या हाताखाली शिकलेला. त्याला म्हणालो, जीवनप्रवासातला आगीचा परिच्छेद काढून टाक, ते बिडीचं खरं नाही. त्याने लगेच संगणकावर पाहिलं. चांगला मुलगा आहे, काहीही तपासल्याशिवाय करत नाही. म्हणाला, "पण सर, पोलिसांच्या नोंदीत तर तेच आहे. तुमचीच बातमी आहे. तुमच्याकडे दुसरा काही पुरावा आहे का?"

मी म्हणालो, नाही.

आप्पांच्या यंदाच्या वाढदिवसाची पुरवणी निघाली. तो परिच्छेद तिच्यात आहे. लेखाखाली नाव माझं आहे.